आधी वळू बघा

"लेकरं किती?"

"न्हाईत."

"बायकोची पाळी टायमावर येते का?"

जनावरांच्या सरकारी दवाखान्यापुढं लिंबाखाली पंधरा-वीस माणसं आपापली जनावरं धरून उभी होती. त्या सगळ्यांसमोर त्या माणसानं मला हे विचारलं. माझं नाव विचारलं नव्हतं, गाव विचारलं नव्हतं. माझ्या वळूच्या खुराला लागलं होतं म्हणून मी आलो होतो. हातात कासरा होता म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी माझ्या हातून काय घडलं असतं ते सांगता येत नाही. आमच्याकडं हा शब्द कोणी तोंडावर आणत नाही. कावळा शिवला, बाहेर बसली, असं म्हणायचं आणि दुसरीकडं बघायचं. आणि हा सरकारी माणूस, अंगात शेरवानी, डोक्यावर लाल टोपी, कोपरापर्यंत हात साबणाच्या फेसात, असा विचारून राहिला होता जसं काही चुलीवरची डाळ शिजली का.

मी म्हणलं, "साहेब, मी वळू आणलाय, बायको न्हाई."

"तेच तर मी बोलतो," तो म्हणाला. "वळू आणला. बायको कायकू नै आणली?"

लोक हसले. मी लंगडतं जनावर तसंच वळवलं आणि औषध न लावता दोन कोस चालत घरी आलो.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, ते राज्य जायच्या थोडं आधीची. आमचं गाव नायगावच्या अंगाला. मी उर्दू शाळेत तिसरीपर्यंत बसलो, मास्तरानं छडी उगारली ती मी हिसकून मोडली आणि शाळा संपली. मराठी अक्षर नंतर पोथीवरून ओळखीचं करून घेतलं. तेव्हा माझ्या लिहिण्यात चुका निघतील. खोटं मात्र निघणार नाही.

त्या माणसाला सगळे सलोत्री साहेब म्हणायचे. सलोत्री म्हणजे जनावरांचा डॉक्टर. खास हैद्राबादचा माणूस. मराठी बोलायचा, पण तिच्यात निम्मी दखनी कालवलेली. लांबून वास यायचा त्याचा, कार्बोलिक साबणाचा. गावातली कुत्री त्या वासानं ओळखायची आणि कणगीमागं लपायची. सायकलीवर फिरायचा, मागं लाकडी पेटी बांधलेली. घोडा द्यायचं सरकारनं म्हणलं होतं तर हा नको म्हणाला. म्हणे, "घोडा फिदा होतो माणसावर. मेरेकू कोणी फिदा झालेला नक्को."

त्याची एक खोड अशी होती की जनावराला 'आप' म्हणायचा आणि माणसाला 'तू'. एकदा आमच्या पाटलानं आजारी म्हैस नेली. सलोत्री उठून उभा राहिला, म्हशीला म्हणाला, "आइए बेगम, तशरीफ रखिए." आणि पाटलाला म्हणाला, "तू हट बाजूला."

पाटील तांबडा-लाल झाला. "साहेब, म्हशीला आप आन् मला तू?"

"म्हैस दूध देती," सलोत्री म्हशीच्या पोटाला कान लावत म्हणाला. "तू काय देतो?"

हे चालून गेलं असतं. सरकारी माणसाचा तोरा लोक सोसतात. पण ह्याचं तोंड जिथं जाऊ नये तिथंच जायचं. गावात आला की कोणाच्या हातचं काही खायचा नाही, फक्त उकडलेली अंडी. अंडं सोललं की ते उन्हात धरायचा आणि भोवतीच्या माणसांना सांगायला लागायचा, हे कोंबडीच्या पोटात कुठं तयार होतं, कोणत्या वाटेनं येतं. एवढ्यावर थांबला तर तो सलोत्री कसला. "तुझ्या घरच्या बाईत बी अंडं असतं. दर महिन्याला एक पिकतं. सुईच्या टोकाएवढं. कवच नै, बस्स." आणि तेच अंडं मीठ लावून तोंडात टाकायचा. माझ्या चुलत्यानं त्या दिवशी अंडं सोडलं, ते मरेपर्यंत खाल्लं नाही.

एकदा मारुतीच्या पारावर त्यानं काठीनं धुळीत चित्र काढलं. आम्हाला वाटलं बैलाचं तोंड असेल. तो म्हणाला, "ही गायची पिशवी. दोन शिंगं दिसतात ना, तिकडं वासरू वाढतं. आता बाईची बघ." शेजारी दुसरं काढलं. "उलटा पेरू. इतकीच. तुझ्या मुठीएवढी. दो बाजूला दो बदाम, त्या बदामात अंडी. तू, तुझा पाटील, तुझा तहसीलदार, सगळे ह्या पेरूतून निघाले." बायका पाणी घेऊन तिकडून येत होत्या. पुजाऱ्यानं धावत येऊन त्या चित्रावर कळशीभर पाणी ओतलं. सलोत्रीनं वर बघितलं, म्हणाला, "शुक्रिया, ओल्यात चांगलं उमटतं," आणि पुन्हा काढलं.

कोणी कानावर हात ठेवला तर त्याचं एक बोलणं ठरलेलं होतं. "बनवणारा बनवताना लाजला नै. तू नाव घ्यायला कायकू लाजतो?"

मी त्याला माणसात धरत नव्हतो. पण माझा वळू मध्ये आला.

माझा वळू लाल कंधारी. रंग असा की संध्याकाळचं ऊन त्याच्यावर पडलं की विस्तव वाटायचा. डोळ्यांभोवती काळी कड, काजळ घातल्यासारखी. माळेगावच्या जत्रेत लोक आपली जनावरं सोडून त्याच्याभोवती उभे राहिले होते. नाव नवाब. आसपासच्या गावांतले लोक आपल्या गायी नवाबालाच दाखवायला आणायचे. मी त्याचं काही घ्यायचो नाही. कोणाची गाय नवाबापासून फळली की ते पारावर सांगायचे, तेच मला बास होतं.

त्या साली मात्र गायी उलटायला लागल्या. उलटणं म्हणजे गाय वळूला दाखवावी, फळली असं वाटावं, आणि महिना होतो न होतो तर ती पुन्हा माजावर यावी. एक उलटली, दुसरी उलटली. लोकांनी गायींना गूळ चारला, मेथी चारली, शिंगांना दोरे बांधले. तरी उलटल्याच. मग लोक गायींना शिव्या द्यायला लागले. दोघांनी चांगल्या तरण्या गायी वांझ म्हणून बाजारात नेल्या. पण एकाही माणसानं, मी धरून, नवाबाकडं बोट केलं नाही. ते वशिंड, ती मान, ती चाल बघून कोणाच्या मनात शंका यायची तरी कशी? त्याच्याकडं बघितलं की गायीच खोट्या वाटायच्या.

सलोत्रीकडं मात्र चार गावची माणसं उलटलेल्या गायी घेऊन जात होती. तो प्रत्येकाला एकच विचारायचा, "वळू कोणता?" सगळे सांगायचे, नवाब. एक दिवस तो पेटी बांधून सायकलीवर आमच्या गावात आला. पारापाशी उतरला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडला:

"नवाब में जान नै है!"

पोलिसाचा एक जवान तिथं विडी ओढत बसला होता. तो ताडकन उभा राहिला. त्या दिवसांत निजामाबद्दल असं काही बोललेलं माणसाला फार महाग पडायचं. पाटील घाम पुसत पळत आला, "जवानसाहेब, बैल, बैल! ह्याच्या बैलाचं नाव हाय ते!" जवानाला ते पटायला बराच वेळ लागला. सलोत्रीला त्यातलं काही कळलं नाही. तो पेटी उघडून बसला होता.

पेटीत पितळेचं यंत्र होतं. आम्ही दुर्बीण म्हणायचो, तो खुर्दबीन म्हणायचा. दुर्बीण लांबचं जवळ आणते, ही बारीक असेल ते मोठं करते. बिलोलीकडून एक माणूस आपला वळू घेऊन आला होता, ठिपकेदार, हाडं निघालेली, एक शिंग मोडकं. सलोत्रीनं त्याला "हुजूर, आप पहले" म्हणून पुढं घेतलं. गाय दाखवली. मग गायीच्या अंगातून काचेच्या नळीनं त्या वळूचं बीज काढलं, थेंबभर काचेवर ठेवलं आणि मला म्हणाला, "डोळा लाव."

मी लावला. आणि मागं सरकलो. परत लावला. डबक्यात बेडकाची पिल्लं वळवळतात तसं सगळं वळवळून राहिलं होतं. हजारो, लाखो, किती ते काय मोजता. त्या मरतुकड्या वळूच्या एका थेंबात एवढा जीव!

"आता तुझ्या नवाबसाहेबाचं," तो म्हणाला. पुन्हा तसंच केलं, दुसरी काच ठेवली. मी बघितलं. इथं तिथं काही पडलेलं होतं, पण हलत काही नव्हतं. पेरणी केली आणि एकही कोंब वर आला नाही असं ते शेत.

मी म्हणलं, "तुझ्या पेटीत करणी हाय."

"ह्याला लाळ-खुरकूत झाली होती?"

झाली होती. मोठा ताप होता, आम्ही पाय धुऊन हळद भरली होती आणि बरा झाला म्हणून विसरलो होतो.

"तापानं बीज मेलं. दोन-तीन महिने गाय दाखवू नको. आराम दे, पेंड दे. कदाचित येईल परत." मग काच पुसता पुसता, मान वर न करता त्यानं मला विचारलं, "तेरेकू गालफुगी झाली होती क्या? लग्नाच्या वयात? खाली सूज आली होती?"

सगळा पार ऐकत होता. मी नवाबाचा कासरा ओढला आणि निघून आलो. दुसऱ्यांदा.

आता घरातलं सांगतो. माझ्या लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. ह्यात कोणाला काही शंका नव्हती, दोष घरचीतच होता. तिला माहूरगडावर नेलं, रेणुकामायला ओटी भरली, ओल्या लुगड्यानं प्रदक्षिणा घालायला लावल्या. मुळ्या उगाळून पाजल्या, त्यातल्या एकीनं ती दोन दिवस उलट्या करून राहिली. एका वैदूनं सांगितलं, पोटात वारं धरलंय, डाग द्यावा लागंल. दिला. त्या काळात सगळीकडं असंच चालायचं.

एवढं करून झाल्यावर माझ्या मायनं पाट लावायचं ठरवलं. पाट म्हणजे विधवेशी दुसरं लग्न. आणि बाई कोण बघितली, तर घरचीचीच सख्खी बहीण. तिचा नवरा पटकीत गेला होता, पदरात एक चालती-बोलती लेक. माय म्हणायची, "वासरू संगं असलेली गाय बाजारात कोण सोडतं का? हिची कूस उघडलेली हाय. आन् सवत नकं, बहीण म्हणून दोगी सुखानं ऱ्हातील." सगळ्यांना हे शहाणपणाचं वाटलं. सुगी झाली की पाट, असं ठरलं. घरची काही बोलली नव्हती. बोलायचं तिला कोणी विचारलंही नव्हतं.

त्या दिवशी मी पारावरून आलो तो ही गोष्ट माझ्याआधी विहिरीवरून घरात आलेली होती. तिनं भाकर वाढली. माय गोठ्यात होती.

"नवाबाला बगितलं म्हनं दुर्बिणीतून," ती म्हणाली.

"हाव."

"न्हाई निगालं म्हनं काई."

"ताप आल्ता त्याला."

तिनं तव्यावरची भाकर उलटली. "तुमाला बी आल्ता. गाल फुगलं व्हते. माझं नवंच लगीन झाल्तं. खाली बी सुजलं व्हतं, बाजेवरून उठता येत नव्हतं तुमाला. मीच शेक दिला."

घास माझ्या हातातच राहिला. "मी बैल हाय का?"

"न्हाई," ती म्हणाली. "बैलाला दोन महिने आराम सांगितलाय. मला इतक्या वर्सांत कुणी सांगितला न्हाई."

लग्न झाल्यापासून एवढं मोठं बोलणं तिनं माझ्याशी केलं नव्हतं. पण ती थांबली नाही. "आणा माझ्या बहिणीला. मी न्हाई म्हनत न्हाई. पर आदी बगून घ्या. तुमच्यात नसलं आन् तिला आणलं, तर दोन-तीन वर्सांनी आत्याबाई तिला बी त्या वैदूपुढं निजवतील. माजं मी सोसलं. तिचं लेकरू उंबऱ्यात बसून बगंल."

मी ताट सरकवून उठलो. आठ-दहा दिवस तिच्याशी बोललो नाही. मी हट्टी आहे, हे आमच्या गावात कोणालाही विचारा. पण रात्री-दिवसा कानात तेच, उंबऱ्यात बसून बगंल. ती लेक मी पाहिलेली होती. आली की माझ्या मिशा ओढायची.

शेवटी सलोत्रीकडं गेलो. म्हणलं, नवाबाचं परत बघायचं आहे. तो म्हणाला, "नवाबाला अजून दोन महिने आहेत." मी तिथंच उभा राहिलो. त्यानं हात धुतले, पुसले, माझ्याकडं बघितलं. जन्मात एकदा त्यानं आवाज खाली आणला. "इथं नक्को. इथं लोक आहेत, आणि घरून आणलं तर गार पडून बीज मरतं. मी तुझ्या शेतात येतो."

आला. चिंचेखाली पेटी मांडली, आरसा उन्हाकडं फिरवला, आणि खोपटाकडं पाठ करून बसला. नवाबाला कडबा घालत त्याच्याशी गप्पा मारायला लागला, मुद्दाम मोठ्यानं. पुढचं मी लिहिणार नाही, लाज अजून शिल्लक आहे. एवढंच सांगतो की दातणासाठी कडुलिंबाची फांदी मोडायला निघालेला माणूस जसा सहज चालतो तसा मी त्यानं दिलेली बाटली घेऊन खोपटातून निघालो.

त्यानं आधी स्वतः बघितलं. किती तरी वेळ बघितलं. मग उठला आणि मला जागा दिली. "तूच बघ. मी बोललो तर म्हणशील पेटीत करणी आहे."

मी डोळा लावला. काच स्वच्छ होती. नवाबाच्या काचेवर निदान मेलेलं पडलेलं होतं. इथं तेही नव्हतं. मी काच हलवली, डोळा बदलला, परत बघितलं. नुसता उजेड.

माझ्या पायाखालची जमीन गेली, असं लोक म्हणतात. माझी गेली नाही, ती तिथंच होती, मीच तिच्यावर बसलो होतो आणि मला उठता येईना. मी, ज्याची छाती बघून तालमीत लोक बाजूला व्हायचे. ह्या शरीरात काय कमी होतं? मी त्याला तेच विचारलं.

"काही कमी नै," तो म्हणाला. "तू मर्द पूरा आहे. बीज नै. दोन वेगळ्या गोष्टी. नवाबाला कोणी बाई म्हणलं का?"

तेवढ्यात घरची भाकरीचं गाठोडं घेऊन बांधावरून आली. आणि सलोत्री साहेब उठून उभा राहिला. त्यानं शेरवानीचं बटण लावलं. "आप बैठिए, बाई," म्हणाला. मी आणि नवाब, दोघांनीही त्याच्याकडं बघितलं.

ती लांब पाठमोरी बसली. त्यानं तिला विचारलं, आतापर्यंत काय काय औषधं केली. ती सांगत गेली. मुळ्या, उपास, ओलं लुगडं. मग म्हणाली, "आन् बेंबीखाली डाग दिला."

"कोणाला? गायीला?"

"न्हाई साहेब. मला."

त्याला कळलं नाही. खरंच कळलं नाही. त्यानं परत विचारलं, "म्हशीला?"

"मला," ती म्हणाली. "इळा तापवून."

ज्या माणसानं चार गावांची झोप उडवली होती, म्हातारे-कोतारे ज्याच्या तोंडाला घाबरून वाट बदलायचे, त्याचं तोंड उघडं राहिलं. डोक्यावरची लाल टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. आत केस एकही नव्हता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मग उठला, पेटीतला साबण काढला, आणि कशालाच हात लावलेला नसताना मोटेच्या पाण्यावर कोपरापर्यंत हात धुत राहिला, धुत राहिला. नवाबाजवळ येऊन त्यानं त्याच्या वशिंडावर हात ठेवला आणि मला विचारलं, "ह्याला कुठं डागलं रे तू?"

नवाबाच्या अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

महिन्याभरानं त्यानं पुन्हा एकदा बघितलं, मीच म्हणलं होतं. तीच काच, तोच उजेड. आणि दोन महिन्यांनी नवाबाचं बघितलं तर काय सांगू, बिलोलीच्या वळूलासुद्धा लाजवील अशी वळवळ! नवाब सुधारला. गायी फळायला लागल्या. गावात आनंदच आनंद. माझी माय तर मारुतीला नारळ फोडून आली. म्हणे, "बगितलं? वळूचं बी फिरतं. तुजं बी फिरंल. पाट लावून घे."

मी म्हणलं, "माय, माजं फिरणार न्हाई. दोनदा बगितलं. दोष तिच्यात न्हाई, माझ्यात हाय."

माय कुडाला धरून खाली बसली. तिला राग आला नव्हता. तिला हे कळतच नव्हतं. तिच्या उभ्या जन्मात तिनं हे वाक्य ऐकलेलंच नव्हतं. "बाप्यात?" ती म्हणाली. "बाप्यात बी असतं व्हय असं?" आणि थोड्या वेळानं, "तो जनावराचा डाक्टर. त्याला माणसाचं काय कळतं?"

पाट लावणार नाही म्हणलं तर गावात कारण सांगणं भाग होतं. घरची म्हणाली, सांगा की बहिणीनंच न्हाई म्हणलं. मला ते पटलं नाही. मी कोणाच्या आडोशाला उभा राहणारा माणूस नाही. पारावर सगळे बसलेले असताना पाटील हसत म्हणाला, "नवाबाचं झालं बाबा, आता मालकाचा लंबर." मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. खुर्दबीन, गालफुगी, काच, उजेड, सगळं. सलोत्रीचे शब्द होते तसेच वापरले, दुसरे मला येत नव्हते.

कोणी हसलं नाही. पाटलानं विडी उलट्या टोकानं पेटवली. एक म्हातारा हळूच म्हणाला, "लेका, हे असं बोलतेत का?" मी म्हणलं, "बनवणाराला लाज न्हाई वाटली." आणि घरी आलो.

पुढच्या काही महिन्यांत जनावरांच्या दवाखान्यात बिनजनावरांची माणसं दिसायला लागली. कोणी म्हणायचं बकरी आजारी आहे, पण बकरी घरी राहिली. सलोत्री त्यांना भर लिंबाखाली ओरडून विचारायचा, "बकरी कोणती? तूच क्या?" त्याच्यात तेवढा फरक काही पडला नाही.

मेव्हणी आमच्याकडं आली ती बहीण म्हणून, लेकीला घेऊन. पाट झाला नाही. ती लेक माझ्या मांडीवर वाढली, मला बा म्हणाली. वैदू पुन्हा एकदा आमच्या दारात आला होता. घरचीनं दारातली खराट्याची काडीही हलवली नाही, नुसती उंबऱ्यात उभी राहिली. तो गेला.

निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीत सलोत्री साहेब कुठं गेला, हे कोणालाच ठाऊक नाही. बदली झाली म्हणतात, परत हैद्राबादला गेला म्हणतात. जायच्या आधी सायकलीवर गावात येऊन गेला होता, म्हणे. मी शेतात होतो. गोठ्यात जाऊन नवाबाला सलाम केला, घरचीला उंबऱ्याबाहेरून "आप खुश रहिए" म्हणाला. माझी चौकशीसुद्धा केली नाही.

आता घरची नाही, नवाब तर केव्हाच गेला. मी लातूरला लेकीकडं असतो. परवा शेजारचे लोक आले होते. शिकलेले, मुलगा नोकरीला. त्याची आई माझ्या लेकीला हळू आवाजात सांगत होती, सुनेला चार वर्षं झाली, काही नाही, आता तिच्या माहेरच्यांना बोलावून काय ते ठरवून टाकावं. मुलगा खाली मान घालून चहा पीत होता. सून आत लेकीच्या स्वयंपाकघरात कप विसळत होती.

मी त्या मुलाला म्हणलं, "का रे, तुला कधी गालफुगी झाल्ती का? खाली सूज आल्ती?"

त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला. माझी लेक "बा!" म्हणून ओरडली. आत कपांचा आवाज थांबला. मुलानं वर बघितलं. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. एकदा लिंबाखाली, कासरा हातात धरून, ते माझं होतं. ह्याच्या हातात कासरा नव्हता, कपबशी होती, आणि ती खडखडायला लागली.

"ठेव खाली, फुटंल ती," मी म्हणलं आणि माझी काठी उचलली. "आन् ऊठ. कुठं बघतेत ते आता माझ्यापेक्षा तुला ठावं. चल, मी येतो संगं."